गोंधळ वाढतच जातो अशा हसवणाऱ्या प्रेमकथा सुचवाल का?

दांडीची बाय (मालवण)

नमस्कार मंडळी. घर मालवणला, दांडीवर. आमची गिलनेटची बोट आहे. नवरा आणि मोठे दीर दर्यावर जातात. बर्फ, डिझेल, लिलावाची पट्टी, खलाशांचे वाटे हा सगळा हिशेब माझ्याकडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मग बोट वर ओढलेली, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि दुपारची जेवणं आवरली की मी मोकळी. ती दुपार मी एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्यांना देते. प्रेमाच्या, आणि पोट धरून हसवणाऱ्या.

हलकीफुलकी म्हणजे नुसती गोड गोष्ट मला नको. मला गोंधळ हवा. लग्न ठरल्याचं खोटंच सांगितलेलं, चिठ्ठी भलत्याच्याच हातात पडलेली, घरात पाहुणा म्हणून राहिलेला माणूस मुळात दुसराच कोणीतरी, आणि सगळं जुळत आलं असताना कोणाची तरी आत्या बॅग घेऊन दारात हजर. आणि शेवट चांगलाच होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असायला हवं.

हे वेड लागलं ते सोफी किन्सेलाच्या 'कॅन यू कीप अ सीक्रेट?' या पुस्तकामुळे. तारकर्लीला नणंदेकडे पर्यटक उतरतात, त्यांतलं कोणीतरी ते विसरून गेलं होतं. एमा नावाची मुलगी विमानात बसलेली आहे, विमान गचके खायला लागतं, आता आपण काही वाचत नाही असं तिला वाटतं आणि ती शेजारच्या अनोळखी माणसाला मनातलं सगळं सांगून टाकते. बायोडेटात गणिताचे मार्क खोटे लिहिले, बॉयफ्रेंडला आपलं वजन खरं सांगितलेलं नाही, ऑफिसातली कुठली सहकारीण डोक्यात जाते, सगळं. विमान सुखरूप उतरतं. मग ऑफिसात कंपनीचा मालक येतो आणि तो तोच माणूस!

माझं इंग्रजी सावकाश आहे, शब्द अडला की मोबाइलवर बघते. पण त्या पहिल्या प्रकरणाला मी एवढ्या जोरात हसले की सासूबाई पडवीतून आल्या. "हसतंस कित्याक गो?" मी त्यांना मालवणीत गोष्ट सांगितली. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "इमान सावरला म्हणान काय झाला? तोंडातसून गेलेला परत येता काय?" तेव्हापासून दुपारी वाटपाचा नारळ खवताना "मगे काय झाला?" ठरलेलं. म्हणजे आता मी वाचते आमच्या दोघींसाठी.

अडचण अशी की त्यानंतर घेतलेली पुस्तकं फसली. कव्हर तसंच गुलाबी, मागच्या बाजूला 'हसून पुरेवाट' असंच छापलेलं. एकात मधेच नायिकेला मोठा आजार. एकात नायक अख्खं पुस्तकभर तिच्यावर ओरडतो आणि त्यालाच प्रेम म्हणायचं. एकात गोष्ट कमी आणि बिछाना जास्त, ते सासूबाईंना सांगू तरी काय?

तर प्रश्न दोन. मला हवं तसलं पुस्तक घेण्याआधी ओळखायचं कसं? आणि पुतणी बारावीला आहे, तिला मराठीत असं काही हवंय. आहे का?

---

आंबेवाला (देवगड)

ताई, ग्रेम सिम्सिअनची 'द रोझी प्रोजेक्ट' घ्या, २०१३ ची आहे. मेलबर्नमधला जेनेटिक्सचा प्राध्यापक डॉन टिलमन. बायको शोधायला त्याने प्रश्नावली छापून घेतली आहे. सिगारेट ओढणारी नको, वेळ न पाळणारी नको, अशा सगळ्या अटी. आणि गाठ पडते रोझीशी, जी त्यातल्या जवळजवळ प्रत्येक अटीत नापास होते.

डॉनचा आठवड्याचा स्वयंपाकही ठरलेला असतो, आणि मंगळवारी काय, तर शेवंड, म्हणजे लॉब्स्टर! आमच्याकडे मंगळवार पाळतात, त्यामुळे ते वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. रोझीबरोबरच्या पहिल्या संध्याकाळी एका भारी हॉटेलात 'जॅकेट' सक्तीचं असतं. डॉनच्या अंगात पावसापाण्याचं उत्तम जॅकेट आहे, आणि ते कोटापेक्षा सरस कसं हे तो दारातल्या माणसांना शास्त्रशुद्ध पटवत राहतो. प्रकरण हातघाईवर जातं. शेवटी जेवण होतं त्याच्या घरच्या बाल्कनीत, तीच शेवंड घालून. या प्रसंगात दोन गोष्टी एकदम घडतात. तुम्ही हसत असता, आणि या माणसाशी आजवर कोणी धड बोललंच नसेल हेही लक्षात येतं.

बिछान्याचा त्रास नाही. सासूबाईंना बिनधास्त सांगा.

---

ओटीवरचं वाचनालय (वेंगुर्ले)

बाय, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. घराच्या ओटीवर माझं छोटं खाजगी वाचनालय आहे. महिन्याची वर्गणी भरून पुस्तक न्यायचं, वाचून परत आणायचं. असली पुस्तकं नेणाऱ्या बायका मला खात्रीने ओळखता येतात. त्या पुस्तक पिशवीत तळाशी घालतात आणि वर कोथिंबीर ठेवतात. भयकथा नेणारे असं करत नाहीत, रहस्यकथा नेणारेही नाहीत. म्हणून तू इथे उघडपणे विचारलंस हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता ओळखायचं कसं ते सांगते. कव्हर बघू नकोस, मागचा मजकूरही वाचू नकोस. पुस्तकाचा साधारण तिसरा हिस्सा उलटून जिथे दोघांचं बोलणं चाललंय असं पान काढ. दोघांना वेगवेगळं काहीतरी हवं आहे, दोघेही ते सरळ सांगत नाहीत, आणि तरी तुला दोघांचंही कळतंय, असं असेल तर घेऊन टाक. एकटा नायकच बोलतोय आणि ती नुसती लाजतेय किंवा रडतेय, तर परत ठेव. दुसरं, गोंधळ कशातून सुरू झाला ते बघ. चांगल्या पुस्तकात तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी भल्यासाठी केलेल्या गोष्टीतून सुरू होतो. कुणाचा तरी अपमान करण्यासाठी केलेल्या गमतीवर अख्खं पुस्तक उभं असेल तर हसू पन्नासाव्या पानापर्यंत आटतं. आणि नायिकेला प्रेमाखेरीज काही काम आहे का, हेही बघ. नोकरी, भावंडं, कर्ज, काहीही चालेल. काम असलं की तिला घाई असते, आणि घाईत माणसं चुका करतात. गंमत तिथूनच येते.

पण मुख्य गोष्ट निराळी. प्रसंग कितीही अचाट असू दे, माणसं मापात वागली पाहिजेत. प्रत्येक पाऊल त्या त्या माणसाच्या दृष्टीने शहाणपणाचं हवं. वेडेपणा दिसतो तो ती सगळी पावलं एकत्र बघणाऱ्या आपल्याला.

उदाहरणासाठी मी नेहमी पी. जी. वुडहाउसचं 'लीव्ह इट टु स्मिथ' देते. १९२३ चं पुस्तक आहे, शंभर वर्षं उलटून गेली, पण अजून ताजं. आणि तुझ्या घरात ते वाचलंच गेलं पाहिजे, कारण त्यातला नायक स्मिथ मासळीच्या धंद्याला कंटाळून बाहेर पडलेला आहे! काकाचा लंडनच्या मासळी बाजारातला धंदा सोडून तो वर्तमानपत्रात जाहिरात देतो की कुठलंही काम करीन, फक्त त्याचा माशांशी संबंध नको. मग एक दिवस क्लबाच्या खिडकीतून त्याला समोर एक मुलगी दिसते. पाऊस कोसळतोय आणि ती एका दुकानाच्या छपराखाली अडकून पडली आहे. हा खाली जातो, क्लबात ठेवलेल्या छत्र्यांतली सगळ्यात उत्तम छत्री उचलतो, रस्ता ओलांडून तिच्या हातात देतो आणि अदबीने परत येतो. छत्री अर्थातच दुसऱ्याची. ज्याची आहे तो वर क्लबातच बसलाय.

हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. आपल्याकडे पावसात बाजारपेठेत आडोशाला उभं राहिलेल्या माणसाला छत्री म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वुडहाउस तिथे प्रेम हा शब्दही काढत नाही. उचललेली छत्री दुसऱ्याची आहे, म्हणून आपण हसतो. आणि निवडून सगळ्यात चांगलीच उचलली, म्हणून तो माणूस आपल्याला कायमचा आवडतो.

पुढे गंमत बघ. ब्लँडिंग्ज नावाच्या वाड्याचे म्हातारे लॉर्ड एम्सवर्थ एका कॅनेडियन कवीला घरी न्यायला लंडनला आलेले असतात. त्यांना बागेचं वेड. जेवता जेवता समोरच्या दुकानातली फुलं बघायला ते उठून जातात. कवी रागावून निघून जातो. त्याच्या जागी स्मिथ येऊन बसतो. लॉर्डसाहेब परत येतात, चश्मा जवळ नाही, आणि ते यालाच कवी समजतात. ती छत्रीवाली मुलगी, ईव्ह, त्याच वाड्यावर ग्रंथालयाची यादी करायला जाणार आहे हे कळल्यावर स्मिथ 'मी तो नव्हे' म्हणेल कशाला? वाड्यावर एक हिऱ्यांचा हार आहे आणि त्याच्यावर नजर ठेवून आलेली आणखी तोतया मंडळी आहेत. लॉर्डसाहेबांचा सेक्रेटरी बॅक्स्टर, सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांवर संशय घेणारा, एका रात्री चोर पकडायला बाहेर पडतो आणि दार मागून बंद होतं. पहाटे अंगात पिवळा पायजमा, घरात कोणी जागं नाही, म्हणून खिडकीवर कुंड्या फेकायला लागतो. खिडकी निघते लॉर्डसाहेबांची. त्यांच्या दृष्टीने आपला सेक्रेटरी पहाटे कुंड्या फेकतोय, म्हणजे त्याला वेड लागलंय. बॅक्स्टरच्या दृष्टीने घरात फक्त तोच एकटा शहाणा. दोघांचंही बरोबर आहे! हार कुठे होता ते मी सांगत नाही.

याला मी अचाट म्हणते. हे लिहायला गंभीर कादंबरीइतकीच अक्कल लागते, आणि एक धागा सुटला तर अख्खं घर कोसळतं. छत्री, फुलं, चश्मा, कुंड्या यांतलं काहीही वाया गेलेलं नाही.

दुसरं नाव जॉर्जेट हेयरचं, 'कोटिलियन', १९५३. जुन्या इंग्लंडातली गोष्ट. किटी ही अनाथ मुलगी. तिला सांभाळणारा कंजूष म्हातारा जाहीर करतो की माझ्या भावंडांच्या नातवांपैकी एकाशी तिने लग्न केलं तर सगळी मालमत्ता तिची, नाही तर छदाम नाही. किटीला निदान एकदा लंडन बघायचं असतं. म्हणून ती फ्रेडी नावाच्या भल्या तरुणाला लग्न ठरल्याचं खोटं नाटक करायला भरीस पाडते. फ्रेडी काही विद्वान नाही. त्याला कळतात कपडे, रंग आणि माणसं. ती हातात मार्गदर्शिका घेऊन त्याला लंडनभर हिंडवते, आणि एल्गिन मार्बल्स, म्हणजे ग्रीसहून आणलेले ते प्रसिद्ध पुतळे बघताना मुंडकं नाही, हात नाहीत, हे काय बघायला आणलं, असं त्याला मनापासून वाटतं. देखणा, बेफिकीर, घोड्यावरून येणारा नायक या पुस्तकातही आहे. बाईने कोणाकडे बघावं हे हेयर ज्या सावकाशीने आपल्याला दाखवते ते वाच. मी माझ्या भाचीला लग्नाआधी हेच पुस्तक दिलं होतं.

---

असगोलीकर (गुहागर)

आपल्या सगळ्यांचा मान राखून थोडं वेगळं लिहितो. मी अशी पुस्तकं वाचून पाहिली आहेत, बायकोला आवडतात म्हणून. मला दोन गोष्टी खटकतात.

एक म्हणजे यातली माणसं वाड्यात राहतात, त्यांना पोटाची काळजी नाही. आपल्याकडे लग्न जुळवताना घर, जागा, मुलाची मुंबईची नोकरी, भावाभावांचा सातबारा, हे सगळं बोलणीत येतं. छत्री दिली म्हणून कोणाचं जुळत नाही. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. 'नाही' म्हटलेल्या मुलीच्या मागे लागणं, तिच्या घरात खोट्या नावाने शिरणं, याला गोड म्हणायची सवय लागते. पुतणी बारावीला आहे असं ताईंनी लिहिलं आहे, म्हणून बोललो. राग मानू नये.

---

दांडीची बाय (मालवण)

काका, राग कसला. तुमची दुसरी गोष्ट मला पूर्ण पटते. म्हणून तर ते ओरडणाऱ्या नायकाचं पुस्तक मी अर्ध्यावर सोडलं. पण जी चांगली आहेत त्यांत हे बघितलं जातं. एमाच्या गोष्टीत तो मालक टीव्हीवरच्या मुलाखतीत बोलण्याच्या ओघात तिची सगळी गुपितं सांगून बसतो. अख्खं ऑफिस ते बघत असतं. एमा संतापते, आणि लेखिका तिला संतापू देते. दोन पानांत फुलं पाठवून मिटवत नाही. तुला माझं सगळं माहीत, मला तुझं काहीच नाही, हे एमा त्याला तोंडावर सांगते. सासूबाईंना हा भाग सगळ्यात आवडला. त्या म्हणाल्या, "बरा केल्यान." पुतणीनेही हा भाग वाचावा असं मला वाटतं.

पैशाचं म्हणाल तर वाचनालयवाल्या ताईंनी सांगितलेल्या किटीच्या हातात तर छदाम नाही. लग्न केलं नाही तर ती उघड्यावर. एमाने गणिताचे मार्क खोटे लिहिले ते नोकरीसाठीच. काळजी असतेच, फक्त लेखिका ती आपल्या डोक्यावर ठेवून जात नाही.

आता मी ही पुस्तकं का वाचते ते सांगते. ऑगस्टमध्ये बोटी सुटतात तेव्हा दर्या अजून शांत झालेला नसतो. वारा बदलला की मोबाइलला रेंज नाही, वायरलेसवर दुसऱ्या बोटीचा निरोप येईपर्यंत घरात कोणी जेवायला बसत नाही. सासूबाईंनी हे आयुष्यभर केलंय. पुढे काय होणार हे माहीत नसणं आम्हाला पुस्तकातून शिकायला नको. मला अशी गोष्ट हवी की ज्यात वादळ येईल, सगळं उलटंपालटं होईल, आणि प्रत्येक जण घरी येणार हे मला आधीपासून ठाऊक असेल. दुःखाची पुस्तकं मोठी असतील, मी त्यांना कमी लेखत नाही. पण हसवून सुखरूप घरी आणणाऱ्या लेखकालाही तेवढाच मान मिळायला हवा.

---

खालची आळी (रत्नागिरी)

पुतणीच्या मराठीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

मी या तऱ्हेच्या मराठी कादंबऱ्या पुष्कळ शोधल्या. प्रेमाच्या आहेत, विनोदी आहेत, पण दोन्हीचा एकत्र धुमाकूळ मला कादंबरीत क्वचितच मिळाला. मिळाला तो नाटकात. आपल्याकडे हा सगळा गोंधळ रंगमंचावर झाला, आणि गाण्यांसकट झाला. त्यामुळे पुतणीला नाटकाची संहिता वाचायला द्या.

पहिलं 'संशयकल्लोळ', गोविंद बल्लाळ देवलांचं. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणलं. फाल्गुनराव हा संशयी नवरा, कृत्तिका त्याची तितकीच संशयी बायको. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका वरून बघते. इकडे रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडलेली असते, ती कृत्तिकेला मिळते, आणि तिच्या हातात परपुरुषाची तसबीर फाल्गुनराव बघतो. झालं! चार माणसं, एक घेरी, एक तसबीर, आणि खोटं कोणीच बोललेलं नाही. वाचनालयवाल्या ताई म्हणतात ते 'प्रत्येक पाऊल शहाणपणाचं' इथे जसंच्या तसं बघायला मिळतं. कथानक मुळात फ्रान्सच्या मोलिएरचं, तिथून इंग्रजीत गेलं आणि मग देवलांकडे आलं. पण वाचताना ते परकं वाटतच नाही. पुरुषांची नावं महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून, फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, रेवती, कृत्तिका, रोहिणी. पुतणीला पात्रं लक्षात ठेवणं सोपं जाईल.

आमच्या गावच्या देवळाच्या उत्सवात हे नाटक आमचीच माणसं करायची. फाल्गुनरावाचं काम करणारे गृहस्थ एरवी अतिशय अबोल, टपाल कचेरीत. तसबीर बघितल्यावर ते जे थबकायचे! काही न बोलता नुसते बायकोच्या हाताकडे बघत राहायचे, आणि मागे चटईवर बसलेली पोरंसोरंसुद्धा ओरडायची, "तिची नाही ती!"

दुसरं 'सौभद्र', अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२. असगोलीकर काका, खोट्या नावाने घरात शिरण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, तर इथे खुद्द अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत शिरतो! बलरामाला सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लावायचंय, आणि तोच या यतीला घरी आणून सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो. कृष्ण सगळं जाणून गप्प. फरक असा की सुभद्रेचं मन आधीच अर्जुनावर आहे आणि तिचं दुर्योधनाला 'नाही' आहे. घरातला थोरला ते 'नाही' ऐकत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्या मते पोरींनी हे जरूर वाचावं.

---

असगोलीकर (गुहागर)

सौभद्राचं उत्तर मान्य. लहानपणी पाहिलं आहे, पण या नजरेने पाहिलं नव्हतं. बायकोसाठी 'कोटिलियन' मागवतो आहे. आधी मी वाचीन.

---

ओटीवरचं वाचनालय (वेंगुर्ले)

खालच्या आळीच्या ताई, तुम्ही माझं काम हलकं केलंत. आता हेयरबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण 'कोटिलियन' आवडलं की सगळे लगेच तिच्या 'द ग्रँड सोफी'कडे वळतात. १९५० चं पुस्तक. सोफी लंडनला आत्याकडे येते ती माकड, पोपट आणि कुत्री घेऊन, आणि आल्या दिवसापासून त्या उदास घराची सगळी घडी मोडायला घेते. चुकीच्या माणसांशी ठरलेली लग्नं ती ज्या तऱ्हेने सोडवते ते वाचताना बसवत नाही, उठून कोणाला तरी सांगावंसं वाटतं. पण त्यात ज्यू सावकाराचा एक प्रसंग आहे, आणि तो माणूस त्याच्या जातीवरून जितका किळसवाणा रंगवता येईल तितका रंगवलाय. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली असताना हे लिहिलं गेलं. मला तो भाग वाचवत नाही आणि मी तो झाकूनही ठेवत नाही. हे पुस्तक नेणाऱ्या प्रत्येकीला मी आधी सांगते. पुतणीला देणार असलीस तर तू तिच्याशी त्यावर बोल. हसवणाऱ्या पुस्तकाला यात सूट द्यावी असं मला वाटत नाही. त्या प्रसंगात हसू कुणाच्या तरी जन्मावर आहे, तिथे लेखिकेने स्वतःचीच रीत मोडली.

---

दांडीची बाय (मालवण)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल दुपारी सगळी नावं सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांचा निकाल झाला, "आधी तो माश्याच्या धंद्याक कंटाळलेलो झील वाच. बघूया खंय जाता तो." तर स्मिथ पहिला, मग 'कोटिलियन', मग मंगळवारची शेवंड. पुतणीने मोबाइलवर 'संशयकल्लोळ' शोधायला घेतलंय.

ताई, स्मिथचं इंग्रजी मला झेपेल का? किन्सेलाचं सोपं होतं.

---

ओटीवरचं वाचनालय (वेंगुर्ले)

झेपेल. किन्सेलाहून जड आहे, वाक्यं लांब आहेत आणि स्मिथ स्वतः फार नटवं बोलतो. सुरुवातीला शब्द अडला तरी थांबू नकोस, कोण काय लपवतंय एवढं धरून पुढे जा. त्यात फ्रेडी नावाचा मुलगा आहे, तो 'कोटिलियन'मधला नव्हे, लॉर्डसाहेबांचा धाकटा. पहिली काही प्रकरणं पात्रं येतच राहतात, म्हणून एका कागदावर नावं लिहून तो खुणेला ठेव. नावासमोर दोन रकाने कर, हा खरा कोण आणि वाड्यावर कोण म्हणून वावरतोय. छत्रीचा प्रसंग बराच लवकर येतो. तिथपर्यंत पोचलीस की पुढचं आपोआप होईल. माझी प्रत हवी असेल तर सांग, वेंगुर्ल्याला येणारं कोणी असेल त्याच्याबरोबर देते. शिवण सैल आहे, पान उलटताना डावा हात पाठीखाली धर.